टर्बो सीच्या निळ्या पडद्याकडे परत जावं का?

तुमचा प्रश्न मी माझ्या शब्दांत आधी मांडतो, म्हणजे उत्तर भलतीकडे जाणार नाही. वय चौतीस, गोव्यात पर्वरीत राहून घरून एका बाहेरच्या कंपनीचं काम. कॉलेजात टर्बो सी++ वर, म्हणजे डॉसच्या काळातल्या त्या निळ्या पडद्याच्या प्रोग्राम लिहायच्या साधनावर, शिकलात. आता दिवसभर व्हीएस कोड हा कोड लिहायचा एडिटर, ब्राउझरचे तीस टॅब, चॅट आणि कोपऱ्यातून सतत काहीतरी सुचवणारा एआय. कामात लक्ष लागत नाही. मागच्या महिन्यात सहज म्हणून डॉसबॉक्समध्ये (डॉसचे जुने प्रोग्राम आजच्या मशीनवर चालवणारा प्रोग्राम) जुनं टर्बो उघडलंत आणि तुमच्याच शब्दांत, 'माहेरी गेल्यासारखं वाटलं'. तर रोजचं काम पुन्हा टेक्स्ट मोडमध्ये, म्हणजे चित्रं-खिडक्या नसलेल्या नुसत्या अक्षरांच्या पडद्यावर, न्यावं, की हा नुसता आठवणींचा खेळ आहे? आणि शेवटी जोडप्रश्न: बारावीतल्या भाचीला टर्बो सी++ वरच शिकवू का?

मी फोंड्याचा. तीस वर्षांहून जास्त काळ पोटापाण्यासाठी प्रोग्राम लिहितोय. त्यातली पहिली दहा-बारा वर्षं जवळजवळ सगळी टेक्स्ट मोडमध्ये गेली: टर्बो पास्कल, टर्बो सी, मग दुकानदारांच्या बिलांसाठी फॉक्सप्रो. त्यामुळे त्या निळ्या पडद्याबद्दल मला तुमच्याइतकंच, कदाचित जास्तच प्रेम आहे. पण मी त्यावर ग्राहकांची कामं केली आहेत, त्याचे मारही खाल्ले आहेत. दोन्ही सांगतो.

आधी एक गोष्ट स्पष्ट करू. तुम्हाला डॉसबॉक्समध्ये जे बरं वाटलं ते रंगामुळे वाटलं असं तुम्ही धरून चालला आहात. मला तसं वाटत नाही. निळ्यावर पिवळी अक्षरं हवी असतील तर तुमच्या आत्ताच्या एडिटरमध्ये पाच मिनिटांत तशी थीम लागते. लावून बघा. दोन दिवस मजा वाटेल, तिसऱ्या दिवशी टॅब तीसच असतील. म्हणजे जे हरवलंय ते दुसरं काहीतरी आहे, आणि ते काय ते आधी शोधायला हवं.

मी नव्वदच्या सुरुवातीला फर्मागुडीच्या टेकडीवर शिकत होतो. संगणकाच्या लॅबमध्ये जायचं तर चपला बाहेर काढायच्या, देवळात जावं तसं. संपूर्ण इमारतीत एसी असलेली खोली बहुधा तेवढीच, त्यामुळे मे महिन्यात ज्यांचा प्रॅक्टिकलचा तास नसे तेही आत घुसायचे. एका मशीनवर दोघं. सव्वापाच इंची फ्लॉपी प्रत्येकाची आपापली, आणि जून-जुलैत तिला बुरशी येऊ नये म्हणून कोणी ती तांदळाच्या डब्यात ठेवायचं. (उपाय चालतो की नाही ते आजही ठाऊक नाही, पण माझी एक फ्लॉपी डब्याबाहेर राहून गेली ती गेलीच.) मशीन सुरू केलं की काही सेकंदांत डॉसचा प्रॉम्प्ट, टर्बो असं टाइप केलं की एडिटर समोर. मध्ये काही नाही. ना अपडेट, ना लॉगिन, ना 'नवीन काय आहे' ची खिडकी.

त्या वेळी प्रोग्रामिंग म्हणजे काय करायचो? दहा ओळी लिहायच्या, कंट्रोल-एफ९ दाबायचं, प्रोग्राम चालायचा, आल्ट-एफ५ दाबून निकाल पाहायचा, परत यायचं, एक ओळ बदलायची, पुन्हा कंट्रोल-एफ९. हे चक्र दोन-तीन सेकंदांचं होतं. माझं मत विचाराल तर तुमच्या बोटांना आठवतंय ते हे चक्र. रंग ही त्याची नुसती खूण.

हे चक्र इतकं आखूड का होतं हे समजून घेण्यासारखं आहे, कारण त्यातून आज काय उचलता येईल ते कळतं. बोरलँड कंपनीने टर्बो पास्कल १९८३ मध्ये ४९.९५ डॉलरला विकायला काढलं. त्याचा कंपायलर, म्हणजे लिहिलेला प्रोग्राम मशीनच्या भाषेत बदलणारा भाग, लिहिणारे अँडर्स हेल्सबर्ग. पुढे १९९६ मध्ये ते मायक्रोसॉफ्टमध्ये गेले आणि सी-शार्प व टाइपस्क्रिप्ट या भाषांच्या मागेही तेच आहेत. म्हणजे तुम्ही आज टाइपस्क्रिप्ट लिहीत असाल तर त्या निळ्या पडद्याचं घराणं तुम्ही सोडलेलंच नाही! सुरुवातीच्या आवृत्त्यांत एडिटर आणि कंपायलर मिळून सगळं ४० केबीच्या आत मावायचं. त्याआधीची पद्धत अशी की एडिटर उघडा, फाइल डिस्कवर लिहा, एडिटर बंद करा, कंपायलर चालवा, मग तयार तुकडे जोडणारा लिंकर चालवा, चूक निघाली तर पुन्हा एडिटर. टर्बोने सगळं एकाच प्रोग्राममध्ये आणलं आणि मेमरीतल्या मेमरीत कंपाइल केलं. पास्कल ही भाषाच अशी आहे की कंपायलरला मजकूर वरून खाली एकदाच वाचून भागतं. शिवाय टर्बो पास्कल पहिली चूक सापडली की थांबायचं आणि कर्सर नेमका त्या जागी नेऊन ठेवायचं. एकच चूक. ती दुरुस्त करा, पुढे चला.

आता हेच तुमच्या आजच्या पडद्याशी ताडून पाहा. तुम्ही ओळ अर्धी लिहिली नाही तोवर तिच्याखाली लाल रेघ येते. वाक्य पूर्ण व्हायच्या आधीच मास्तर छडी घेऊन उभे. अर्ध्या वाक्यात चूक असणारच, ते अर्धं आहे! टर्बोमध्ये कंट्रोल-एफ९ दाबेपर्यंत कोणी तोंड उघडायचं नाही. लिहिणं वेगळं, तपासणं वेगळं. मी माझ्या एडिटरमध्ये पहिली गोष्ट केली ती ही: चुकांच्या रेघा टाइप करताना बंद, फाइल सेव्ह केल्यावरच दिसतील. एआयच्या आपोआप येणाऱ्या सूचनाही बंद. हवी तेव्हा कळ दाबून मागायची. या दोन बदलांनी मला जेवढी शांतता मिळाली तेवढी कुठल्याही जुन्या फॉण्टने मिळाली नाही.

दुसरी गोष्ट कळांची. इथे मला खाणीचा किस्सा सांगावाच लागेल.

सावर्डे-कुडचड्याच्या बाजूला एका खाणीच्या वजनकाट्यासाठी मी एक प्रोग्राम लिहिला होता. पत्र्याची खोली, चहूकडे लाल धूळ, कीबोर्डवर प्लास्टिकचं आवरण, बाजूला खडखडणारा डॉट मॅट्रिक्स प्रिंटर. काट्याच्या यंत्रातून सीरियल पोर्टवर वजन यायचं आणि पडद्यावर मोठ्या आकड्यांत दिसायचं. ते आकडे मी २१९ क्रमांकाच्या भरीव चौकोनी अक्षराच्या विटा रचून केले होते. भोवती दुहेरी रेघेची चौकट: २०१, २०५, १८७. ज्यांनी त्या काळात काम केलंय त्यांना हे आकडे फोन नंबरासारखे पाठ असतील.

काट्यावर बसणारे गृहस्थ पन्नाशीचे, सगळे त्यांना बाब म्हणायचे. संगणक आधी कधी पाहिला नव्हता. महिन्याभराने मी पाहायला गेलो तर बाब खिडकीबाहेर ट्रकवाल्याशी गप्पा मारतायत, नजर बाहेर, आणि बोटं चालू आहेत: ट्रकचा नंबर, एंटर, एंटर, एफ१०. पावती बाहेर. पडद्याकडे बघायची गरजच नाही. इतकंच नाही, पावती छापली जात असताना पुढच्या ट्रकचा नंबर ते आधीच टाइप करून ठेवायचे. पीसीचा कीबोर्ड बफर पंधरा कळा धरून ठेवतो. सोळावी दाबली की 'टीं' वाजतं. बाबना बफर हा शब्द माहीत नव्हता, पण टीं वाजायच्या आत कुठे थांबायचं ते अचूक माहीत होतं.

काही वर्षांनी मालकांना विंडोजचा प्रोग्राम हवा झाला. मीच लिहिला, हौसेने. चांगल्या खिडक्या, बटणं, चित्रं. लालजर्द मातीने माउसच्या पोटातला गोळा आठवड्याभरात जाम झाला. त्याहून वाईट म्हणजे खिडकी उघडायला कधी अर्धा सेकंद लागे, कधी दोन, आणि मधल्या वेळात टाइप केलेली अक्षरं भलत्याच चौकटीत जात. बाब दुसऱ्या दिवशी मला म्हणाले, "हें किदें रे, दर फावटीं हुंदीर सोदपाचो?" (हे काय रे, दर वेळी उंदीर शोधायचा?) मी गुपचूप जुना प्रोग्रामही त्याच मशीनवर ठेवून आलो. २०१२ मध्ये राज्यातल्या खाणी बंद पडल्या तोवर बाबनी जुनाच वापरला, असं नंतर कळलं. चूक पूर्ण माझी होती. मी पडदा सुधारला आणि हाताची लय मोडली.

हे सांगतोय ते याचसाठी की टेक्स्ट मोडचा खरा फायदा साधेपणात नव्हता, टर्बोचे मेनू काही साधे नव्हते. फायदा हा की तीच कळ, त्याच जागी, तेवढ्याच वेळात, तेच काम करते. मडगावच्या कुठल्याही हिशेबनिसाला टॅलीवर व्हाउचर टाकताना पाहा. आज टॅली टेक्स्ट मोडमध्ये नाही, तरी माउसला हात लागत नाही. म्हणजे हा गुण टेक्स्ट मोडची मक्तेदारी नव्हे. मात्र टेक्स्ट मोडमध्ये तो आपोआप यायचा, कारण पडदाच ८० गुणिले २५ खणांचा. प्रत्येक खणाला दोन बाइट, एक अक्षराचा, एक रंगाचा. सगळा पडदा ४००० बाइटांत. प्रोग्रामने मेमरीत बी८०० या पत्त्यापासून पुढे थेट लिहिलं की मॉनिटरच्या पुढच्या फेरीत ते अक्षर दिसणारच. तुमचा तो लाडका निळा-पिवळा म्हणजे रंगाच्या बाइटात ३०: निळ्याचा १ गुणिले १६, अधिक पिवळ्याचे १४. आज एक कळ दाबली की ती ऑपरेटिंग सिस्टिम, मग एडिटरच्या पोटातला अख्खा ब्राउझर, मग खिडक्या एकत्र करणारा थर अशी पायऱ्या चढत पडद्यावर येते. बहुतेक वेळा पटकन येते. 'बहुतेक वेळा' हीच अडचण.

आता दुसरी बाजू. आठवणी गोड असतात कारण मधली घाण आपण विसरतो.

टर्बो सीमध्ये एक पॉइंटर (मेमरीतल्या जागेचा पत्ता) चुकला की फक्त आपला प्रोग्राम पडायचा नाही, अख्खं मशीन गोठायचं. डॉसमध्ये एका प्रोग्रामची मेमरी दुसऱ्यापासून राखणारं कोणी नव्हतं. तुमचा चुकार पॉइंटर एडिटरच्या, डॉसच्या, कुणाच्याही अंगावर लिहू शकायचा. रीसेट दाबा आणि एफ२ दाबून सेव्ह करायचं राहून गेलं असेल तर गेलेल्या ओळी विसरा. मी एकदा अख्खी दुपार अशी घालवली आहे. 'नल पॉइंटर असाइनमेंट' हा निरोप प्रोग्राम संपल्यावर दिसणं ही त्यातल्या त्यात नशिबाची गोष्ट. इंटिजर सोळा बिटांचा, ३२७६७ च्या पुढे गेला की उणे होणार. काट्याचं वजन किलोत ठेवताना हे मला फार लवकर शिकावं लागलं. मेमरीचे ६४ केबीचे तुकडे, म्हणजे सेगमेंट, त्यावरून स्मॉल, मीडियम, लार्ज, ह्यूज अशी मेमरी मॉडेलं. कोणतं निवडायचं हे कळायला सहा महिने लागायचे आणि त्या ज्ञानाचा आज शून्य उपयोग.

आणि एक मजा. टर्बो पास्कलचं क्रट नावाचं युनिट (तयार कोडचा संच) सुरू होताना मशीनचा वेग मोजायचं: घड्याळाच्या एका ठोक्यात, म्हणजे सुमारे ५५ मिलिसेकंदांत, रिकामा लूप किती वेळा फिरतो ते मोजून त्याला ५५ ने भागायचं. सुमारे २०० मेगाहर्ट्झचे पेंटियम आले तेव्हा ते उत्तर सोळा बिटांत मावेनासं झालं आणि प्रोग्राम पहिली ओळ दाखवायच्या आधीच 'रनटाइम एरर २००' म्हणून मरू लागले. प्रोग्राममध्ये काहीही बदललं नव्हतं, मशीन तेवढं वेगवान झालं होतं. जुन्या वातावरणात परत राहायला जायचं म्हणता तेव्हा हे लक्षात असू द्या: त्या घराच्या भिंती त्या काळच्या मापाच्या आहेत.

आणखी एक गोष्ट मराठी माणूस म्हणून बोललीच पाहिजे. ते जग आपल्या अक्षरांसाठी कधी बांधलंच नव्हतं. एका खणात एक अक्षर, एकूण २५६ चिन्हं, तीही बहुतेक युरोपसाठीची आणि चौकटींच्या रेघा. देवनागरी दाखवायची तर मशीनमध्ये जिस्ट कार्ड बसवावं लागे, सी-डॅकचं. आत इस्की नावाची संकेतप्रणाली. तिचं भारतीय मानक १९९१ सालचं. पहिल्यांदा डॉसच्या काळ्या पडद्यावर 'एकूण रक्कम' असं मराठीत उमटलेलं पाहिलं तेव्हा दुकानाचे मालक, त्यांचे वडील आणि मी तिघंही दोन मिनिटं नुसते पाहत होतो. आज युनिकोड आहे, पण टर्मिनल, म्हणजे आजचा कमांड टाइप करायचा अक्षरांचा पडदा, अजून खणांच्याच हिशेबात चालतं. 'क्षि' घ्या: क, हलन्त, ष, ऱ्हस्व वेलांटी असे चार संकेत, डोळ्याला अक्षर एक, आणि वेलांटी उमटते शेवटी नव्हे तर डावीकडे. टर्मिनलने याला किती खण द्यायचे? एक टर्मिनल एक उत्तर देतं, दुसरं दुसरं. मग रकाने वाकडे होतात, कर्सर अक्षराच्या मध्येच उभा राहतो, खोडलं तर अर्धंच खोडल्यासारखं दिसतं. तुम्ही लिहिलंय की तुमच्या ॲपमध्ये मराठी-कोंकणी मजकूर असतो. त्या फाइली टर्मिनलमध्ये उघडू नका. मी स्वतः कोड टर्मिनलमध्ये लिहितो आणि देवनागरी मजकुराच्या फाइली साध्या खिडकीवाल्या एडिटरमध्ये, आणि त्यात मला काही कमीपणा वाटत नाही.

तर, परत जावं का? हे कामावर अवलंबून आहे. अँड्रॉइड किंवा वेबची पडद्यावरची कामं करत असाल, जिथे निकालच चित्ररूप असतो, तर टेक्स्ट मोडचा हट्ट धरणं म्हणजे डोळ्यांवर पट्टी बांधून रांगोळी काढणं. सर्व्हरचं काम, डेटाचं काम, कमांड-लाइनची साधनं असतील तर टर्मिनलमध्ये अख्खा दिवस मजेत जातो. टीम एकच एडिटर वापरते की नाही, दुसऱ्याबरोबर एकत्र बसून कोड लिहावा लागतो का, यावरही बरंच ठरतं. ही उत्तरं तुमच्याकडे आहेत, माझ्याकडे नाहीत. मी फक्त पर्याय कसे वागतात ते सांगू शकतो.

डॉसबॉक्समधलं टर्बो: रविवार दुपारसाठी उत्तम, रोजच्या कामासाठी नाही. ६४ बिटी विंडोजवर सोळा बिटी प्रोग्राम थेट चालतच नाहीत, म्हणून डॉसबॉक्सची गरज पडते. आणि एक खड्डा आहे ज्यात प्रत्येकजण पडतो: डॉसबॉक्समध्ये कंट्रोल-एफ९ ही कळ डॉसबॉक्सच बंद करण्याची आहे! जुन्या सवयीने प्रोग्राम चालवायला गेलात की सगळं गायब, न सेव्ह केलेल्या कोडसकट. कंट्रोल-एफ१ ला टर्बोची मदत यायची, तिथे डॉसबॉक्सचा कळा बदलायचा पडदा येतो. त्याच पडद्यावर जाऊन कंट्रोल-एफ९ ची नेमणूक आधी बदला. अक्षरं बसकी वाटली तर तेही साहजिक आहे: व्हीजीएचा टेक्स्ट मोड ७२० गुणिले ४०० ठिपक्यांचा, आणि तो ४:३ मॉनिटरवर उभा ताणून दिसायचा. डॉसबॉक्सच्या सेटिंगमध्ये ॲस्पेक्ट चालू केलं की ओळखीचा चेहरा परत येतो.

फ्री पास्कल: हा पर्याय लोकांना माहीत नसतो. त्याच्याबरोबर टेक्स्ट मोडचा एडिटर येतो, दिसायला हुबेहूब टर्बोसारखा, तेच मेनू, त्याच कळा, आणि तो आजच्या विंडोजवर किंवा लिनक्सच्या टर्मिनलमध्ये थेट चालतो. पूर्ण ६४ बिटी प्रोग्राम तयार होतात. घरची छोटी साधनं, फाइलींची नावं बदलणं, हिशेबाची बेरीज, अशा कामांना मी अजून वापरतो. पास्कलमध्ये लिहायची लाज वाटत नसेल तर माहेरचं दार आत्ता उघडं आहे.

टर्मिनलमधले एडिटर: इथे एक गल्लत होते. लोक टर्बोच्या आठवणीत विमकडे जातात आणि दोन दिवसांत वैतागून परत येतात. विमचं घराणंच वेगळं. ते १९७६ च्या व्हीआयमधून, युनिक्सच्या टर्मिनलांतून आलंय. टर्बोच्या कळा वर्डस्टार या जुन्या लेखन-प्रोग्रामच्या. मजकुराचा तुकडा निवडायला कंट्रोल-के-बी, कंट्रोल-के-के, ओळ उडवायला कंट्रोल-वाय. बोटांना ते हवं असेल तर जो नावाच्या एडिटरचं जेस्टार रूप वापरा, त्यात वर्डस्टारच्या कळा आहेत. विम शिकायचं तर विमसाठी शिका, टर्बो म्हणून नव्हे.

माझं स्वतःचं रोजचं असं: टर्मिनल पूर्ण पडदाभर, त्यात टीमक्स (टर्मिनलचे भाग पाडून सत्र जपून ठेवणारा प्रोग्राम), डावीकडे एडिटर, उजवीकडे टेस्ट, म्हणजे कोड नीट चालतो का ते तपासणारे छोटे प्रोग्राम. फाइल सेव्ह केली की उजवीकडे त्याच फाइलच्या टेस्ट आपोआप चालतात आणि पहिली चूक सापडली की थांबतात. पहिलीच. पुढच्या एकोणचाळीस मला आत्ता बघायच्या नाहीत. हे माझं आजचं कंट्रोल-एफ९. सगळ्या टेस्टना चार मिनिटं लागतात म्हणून त्या जेवायला उठताना लावतो. लिहिताना दोन सेकंदांत निकाल देणाऱ्या तेवढ्याच. कुठली टेस्ट दोन सेकंदांत बसते आणि कुठली नाही हे वेगळं करायला मला एक आठवडा लागला, आणि खरं काम तेच होतं. तुम्हीही वेळ घालवणार असाल तर थीममध्ये नको, तिथे घालवा.

टर्मिनलचा एक फायदा मात्र खास आपल्याकडचा. पावसाळ्यात वीज आणि इंटरनेट दोन्ही लहरी. काम दूरच्या सर्व्हरवर टीमक्समध्ये चालू असेल तर इथे अंधार झाला तरी तिथे सत्र जागच्या जागी राहतं. वीज आली की जोडून घ्यायचं आणि कर्सर होता तिथेच असतो. जोडणी रडतखडत चालत असेल तर दूरच्या मशीनला जोडणाऱ्या नेहमीच्या एसएसएचऐवजी मॉश वापरा, ते टाइप केलेलं अक्षर सर्व्हरच्या उत्तराची वाट न पाहता इथल्या इथे दाखवतं. गेल्या जुलैत आमच्याकडे दिवसातून चार-पाचदा वीज जायची, तेव्हा खिडक्यांत काम करणारा शेजारचा मुलगा प्रत्येक वेळी पंधरा मिनिटं टॅब मांडत बसायचा.

व्हीएस कोड सोडता येत नसेल तर सोडू नका. झेन मोड लावा: कंट्रोल-के, मग झेड. (पाहा, कंट्रोल-के इथेही आलंच.) बाजूचे सगळे पट्टे जातात, एकच फाइल राहते. कळांच्या यादीत कंट्रोल-एफ९ ला 'टेस्ट चालवा' हे काम द्या. संदर्भासाठी झील (भाषांची माहिती इंटरनेटशिवाय दाखवणारा प्रोग्राम) उतरवून ठेवा, म्हणजे एखाद्या फंक्शनचं नाव आठवलं नाही म्हणून ब्राउझर उघडायला नको. टर्बोची मदत आठवते? कर्सर शब्दावर ठेवून कंट्रोल-एफ१, आणि खाली चालणारं उदाहरण, जसंच्या तसं उचलून चिकटवता येणारं. त्या मदतीवर मी सी शिकलो. पुस्तक नंतर घेतलं. ब्राउझरमध्ये एक गोष्ट शोधायला गेलेला माणूस बातम्या वाचून परत येतो, हे तुम्हाला मी सांगायला नको.

म्हणजे थोडक्यात: आधी आखूड चक्र, मग गप्प बसणारा एडिटर, मग ठरलेल्या कळा. रंग सगळ्यात शेवटी, हौस म्हणून. आणि एक गोष्ट या यादीत येणार नाही, ती म्हणजे वय. तेव्हा आपण विशीत होतो, प्रोग्राम पन्नास ओळींचा होता, आणि तो बिघडला तर कुणाचा पगार अडकत नव्हता. ते हलकेपण कुठल्याही एडिटरमध्ये मिळत नाही.

भाचीचं. टर्बो सी++ वर शिकवू नका. ते सी++ चं पहिलं मानक ठरायच्या, म्हणजे १९९८ च्या, आधीचं आहे. आयओस्ट्रीमच्या पुढे डॉट एच, व्हॉइड मेन, शेवटी गेटसीएच, या सवयी तिला पुढच्याच वर्षी मोडाव्या लागतील. मी नोकरीला घेतलेल्या मुलांच्या मोडताना पाहिल्या आहेत, वेळ जातो. तिला साधा एडिटर आणि जीसीसी हा कंपायलर द्या, किंवा अभ्यासक्रमात पायथन असेल तर पायथनबरोबर येणारा आयडल पुरे. एफ५ दाबलं की चालतं, त्यातही ते आखूड चक्र आहेच. मात्र एखाद्या दुपारी तिला डॉसबॉक्समधलं टर्बो जरूर दाखवा. पडद्याच्या मेमरीत थेट अक्षर लिहून दाखवा, खण क्रमांक बदलला की ते कसं सरकतं ते तिलाच करू द्या. संगणकाच्या पोटात काय चालतं हे मला एवढ्या स्वस्तात दुसरीकडे कुठे दाखवता आलेलं नाही.

आणि हो, हे करायच्या आधी लॅपटॉपवर एफएन-लॉक लावा. नाहीतर एफ९ दाबायला जाल आणि आवाज वाढेल.